मांडामांड आणि आवराआवर

बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. १९२० साली सरकारने मुंबईच्या विकासासाठी जे खास खातं काढलं, त्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला या चाळी बांधल्या. गिरणीतल्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपणारी माणसं त्या खोलीत राहिली. संसार आत मावत नव्हता, म्हणून तो गॅलरीत, जिन्यात आणि दोन चाळींच्या मधल्या पट्ट्यात पसरला. तिथे पापड वाळले, कॅरमचे डाव रंगले, दिव्याखाली दहावीचा अभ्यास झाला, बारशी झाली, तेराव्याच्या पंगती उठल्या. या सगळ्याला बसायला आणि ठेवायला काहीतरी लागायचं. ते कुणाच्या ना कुणाच्या घरातून यायचं. तळमजल्यावरच्या खोलीतलं बाकडं, कोपऱ्यातल्या घरची लोखंडी घडीची खुर्ची, कुणाचा पाट, कुणाची पत्र्याची ट्रंक. काम उरकलं की ज्याचं त्याच्या दारात.

या चाळी आता पडताहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर तिपटीहून मोठं झालं याचा आनंद ज्यांना समजत नाही त्यांनी चाळीविषयी हळवे लेख लिहू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण फर्निचरच्या दृष्टीने एक गोष्ट बदलते. तिसाव्या मजल्यावरून लिफ्टने खुर्ची घेऊन खाली कुणी उतरत नाही. चाळीत दारातलं बाकडं चार पावलं सरकवलं की ते सगळ्यांचं होत होतं. मनोऱ्यात ती चार पावलंच उरत नाहीत. खाली पोडियम असतो, कम्युनिटी हॉल असतो, हॉलला कुलूप असतं. कोजागिरीला दूध आटवायचं तर मेज कुठून आणायचं, इथपासून सुरुवात होते.

हातातलं पुस्तक या प्रश्नाला भिडतं. वस्तीने मिळून वापरायचं, एका जागेवरून दुसरीकडे नेता येणारं सामान कसं आखावं, हा त्याचा विषय. बाकं, घडीची मेजं, फिरती पुस्तकपेटी, मुलांसाठी छोटा रंगमंच, चित्रं लावायचे फळे, आरोग्य शिबिराचा आडोसा, अशा वस्तूंचे मापांसह आराखडे यात आहेत. इटलीत एन्झो मारी या डिझायनरने १९७४ साली साध्या फळ्या आणि खिळे वापरून कुणालाही घरी करता येईल अशा फर्निचरचे आराखडे लोकांना वाटले होते. हे पुस्तक त्या वळणाचं आहे, फक्त मारीचं टेबल एकदा ठोकलं की घरात बसतं आणि यातलं टेबल रात्री आवरून ठेवायचं आहे. फरक लहान वाटला तरी सगळं डिझाईन त्याने बदलतं. सार्वजनिक फर्निचर वापरात असतं आठवड्यातले जेमतेम काही तास. उरलेला वेळ ते कुठेतरी उभं असतं, रचलेलं असतं, कुणाच्या तरी वाटेत असतं. ते टिकेल की वर्षभरात भंगारात जाईल, हे याच उरलेल्या वेळात ठरतं. मांडल्यावर ते कसं दिसतं याची चित्रं काढणारे पुष्कळ आहेत. आवरताना ते कसं वागतं याचा विचार करणारे थोडे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. कोकणात आणि घाटावरही अनेक गावांत गावकीची भांडी असतात. लग्नाकार्यात, जत्रेत, मयताच्या जेवणाला लागणारी मोठी पातेली, घंगाळं, परात, डाव, झारे, पळ्या, ताटं-वाट्यांची चळत. पैसा बऱ्याचदा मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रामस्थ मंडळाने जमवलेला. प्रत्येक भांड्यावर गावाचं किंवा वाडीचं नाव कोरलेलं. भांडी देवळातल्या खोलीत किंवा एखाद्या भरवशाच्या घरी. नेताना मोजायची, आणताना मोजायची, घासून आणायची. वाटी हरवली तर तिची किंमत भरायची. नाममात्र भाडं, त्यातून कल्हई आणि नवी खरेदी. वहीत नोंद. या व्यवस्थेला कुणी डिझाईन म्हटलं नाही, पण ती नीट न्याहाळली तर सामायिक वस्तूंबद्दल जे कळायला हवं ते बहुतेक सगळं तिथे आहे. वस्तू एकमेकींत बसतात, म्हणून थोड्या जागेत मावतात. एका जातीची सगळी भांडी सारखी, त्यामुळे मोजायला सोपी. कान आणि कड्या दोन माणसांनी उचलायच्या हिशेबाने. नाव कोरलेलं, रंगवलेलं नाही, त्यामुळे ते खरवडून निघत नाही. आणि भांडी कुणाकडे आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक.

त्याच गावांत एक दुसरी बाजूही होती आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गावकीची भांडी म्हणजे सगळ्या गावाची असं नेहमीच नव्हतं. वाडी-वाडीची भांडी वेगळी, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला ती मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. महारवाड्यात तक्क्या असायचा, तिथली बसण्याउठण्याची सोय त्या वस्तीने स्वतः केलेली. सामायिक हे विशेषण लावलं की कुणामध्ये सामायिक, हे विचारावं लागतं. शहरातही एकाच गल्लीत गणपतीचं मंडळ आणि जयंतीचं मंडळ यांच्या खुर्च्यांच्या दोन वेगळ्या चळती दोन वेगळ्या खोल्यांत पडून असतात आणि सप्टेंबरातली चळत एप्रिलात उपयोगी पडत नाही. पुस्तकाने एकच संच आणि अनेक मंडळं अशी कल्पना मांडली आहे. मला ती पटते. पण ती सुताराच्या हाताने प्रत्यक्षात येणार नाही. दोन्ही मंडळांची माणसं एका वहीत सह्या करायला बसली, तरच येईल. लेखकांनी हे एका परिच्छेदात उरकलं आहे, तिथे प्रकरण हवं होतं.

जमिनीवर बसणाऱ्या समाजात जाजम आणि सतरंजी हेच मुख्य सार्वजनिक फर्निचर होतं. विदर्भात आजही मंडपाचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर ‘बिछायत केंद्र’ असं लिहिलेलं दिसतं. जाजमाची गुंडाळी एक माणूस खांद्यावर टाकून नेतो, ती कोपऱ्यात उभी राहते, आणि तिच्यावर किती माणसं बसतील हे ठरलेलं नसतं. दहा आले तर ऐसपैस, चाळीस आले तर गुडघ्याला गुडघा लावून. खुर्चीत ही सोय नाही. खुर्ची आली की आकडा आला, रांग आली, पहिली रांग कुणाची हा प्रश्न आला.

तरीही खुर्ची जिंकली, आणि तिच्या जिंकण्याला कारणं होती. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसून उठता येत नाही, पँट घालून मांडी घालणं कष्टाचं, ओल्या जमिनीवर सतरंजी भिजते. त्यात १९७२ साली फ्रान्समध्ये आंरी मासोने या इंजिनिअरने साच्यात प्लास्टिक दाबून एकाच तुकड्यात पूर्ण खुर्ची काढली. तिच्यात सांधा नाही, खिळा नाही, म्हणून सुटायलाही काही नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या त्या जातीच्या खुर्च्या जगभर पसरल्या. आपल्याकडे कंपनी कोणतीही असो, लोक तिला नीलकमलच म्हणतात. वजन दोन-तीन किलो, एकात एक बसून डोक्याएवढी चळत होते, पावसात भिजली तर पुसून घ्यायची. मंडप डेकोरेटरने तिच्यात जे पाहिलं ते बरोबर होतं. सार्वजनिक फर्निचरच्या परीक्षेत ही कुरूप खुर्ची बहुतेक सगळ्या नामवंत खुर्च्यांच्या पुढे जाते, आणि या पुस्तकातल्या कुठल्याही बाकाची तुलना आधी तिच्याशी व्हायला हवी. पन्नास माणसांना भाषण ऐकवायचं असेल तर नवं काही बनवू नये. प्लास्टिकच्या खुर्च्या मागवाव्यात.

ती कमी पडते ती वेगळ्या ठिकाणी. तिच्यावर बसून समोर बघता येतं, हाताने काही करता येत नाही. मुलांना चित्रं काढायची असतील, बायकांना मोदक वळायचे असतील, कुणाला शिवणयंत्र ठेवायचं असेल, डॉक्टरांना रक्तदाबाचं यंत्र मांडायचं असेल, तर लागतं ते मेज, फळी, पेटी, आडोसा. भाड्याच्या सामानाचा सगळा बाजार समारंभासाठी उभा आहे: खुर्च्या, मंडप, झालर, सिंहासन, लाल गालिचा. दर शनिवारी दोन तास चालणाऱ्या, प्रेक्षक नसलेल्या कामासाठी त्या बाजारात काही नाही. पुस्तकाची खरी जागा ही आहे आणि लेखकांनी ती अचूक हेरली आहे.

अशा कामाचं उत्तम उदाहरण महाराष्ट्राने फार आधी पाहिलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द तिथून देशभर गेला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा चालवली. वारली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळा कुरणात गेली. बाईंना वाहून नेता येईल एवढंच साहित्य, बाकीचं झाडाखाली जे सापडेल ते: बिया, पानं, खडे, माती. फर्निचर शाळेच्या बाहेर पडतं तेव्हा काय होतं, याचा तो प्रयोग होता. त्यात वजनाचा निर्णय शिक्षणाच्या निर्णयाइतकाच महत्त्वाचा होता, कारण जे उचलून नेता येत नव्हतं ते शिकवता येत नव्हतं.

अलीकडचं उदाहरण नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाचं. विनायक रानडे यांनी २००९मध्ये तो सुरू केला. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. सोसायटीत, कार्यालयात, तुरुंगात पेट्या गेल्या. दुबईच्या मराठी वाचकांकडेही पोचल्या. ग्रंथालय म्हणजे इमारत, कपाटं, ग्रंथपाल, सभासद असं आपण धरून चालतो. इथे ग्रंथालयाचं माप पेटीच्या मापाएवढं झालं. पेटी एका घरात मावते, गाडीच्या डिकीत जाते, आणि ती कुणाकडे आहे याला एक नाव असतं. पुस्तकातल्या फिरत्या पुस्तकपेटीचा आराखडा पाहताना मला हेच आठवलं. फक्त त्या आराखड्यात पेटीला चार कप्पे, काचेची झडप आणि वर कुंडी ठेवायची जागा आहे. कुंडी मी काढून टाकेन.

परदेशातली दोन-तीन उदाहरणं या विषयावर बोलताना टाळता येत नाहीत. विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन पत्रकाराने न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९८० साली त्यावर एक छोटं पुस्तक आणि एक फिल्म काढली. त्याला दिसलं की हलवता येणारी खुर्ची दिली तर माणूस बसण्याआधी ती थोडी तरी सरकवतोच. कधी उन्हासाठी, कधी सावलीसाठी, कधी शेजारच्यापासून चार इंच लांब जायला, आणि पुष्कळदा कारणाशिवाय. त्या सरकवण्यात माणूस जागा आपली करून घेतो, असा व्हाइटचा अर्थ. त्याच्या सल्ल्यातून पुढे न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचा कायापालट झाला. अमली पदार्थांच्या विक्रीमुळे लोक ज्या बागेत जायला कचरत होते, ती १९९२ साली पुन्हा उघडली तेव्हा हिरवळीवर सुट्या खुर्च्या होत्या. त्या चोरीला जातील असं आधी सगळ्यांना वाटत होतं. पॅरिसच्या लुक्झेंबूर बागेतल्या हिरव्या लोखंडी खुर्च्या तर त्याहून जुन्या. एके काळी तिथे बसायचं भाडं गोळा करत बायका फिरायच्या. आता भाडं नाही, खुर्च्या आहेत, आणि लोक दोन खुर्च्या ओढून एकीवर पाय टाकतात.

हे वाचून आपल्या नगरपालिकांच्या बागांकडे पाहिलं की सिमेंटचे बाक दिसतात, जमिनीत पक्के गाडलेले, पाठीवर नाव आणि ‘यांच्या सौजन्याने’ किंवा ‘यांच्या निधीतून’. एकमेकांकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून, दुपारच्या उन्हात. बाक गाडलेला का असतो याचं एक उत्तर चोरी आहे. दुसरं उत्तर असं की गाडलेल्या वस्तूवर नाव कायम राहतं आणि ती पाच वर्षांनी मतदाराला दाखवता येते. खुर्ची सरकवली की नावही सरकतं. हलत्या फर्निचरला निधी मिळत नाही यामागे हा हिशेब किती मोठा आहे ते सांगता येणार नाही, पण तो आहे.

मात्र ब्रायंट पार्क जसंच्या तसं इथे उचलून आणता येणार नाही. त्या बागेला खुर्च्या लावणारी, पुसणारी, रात्री गोळा करणारी पगारी माणसं आहेत. आपल्या गल्लीत ती नाहीत. आपल्याकडे रात्री बाहेर राहिलेली वस्तू एक तर ओली होते, नाहीतर नाहीशी होते, नाहीतर महापालिकेच्या अतिक्रमण विभागाच्या गाडीत चढते. तसं पाहिलं तर हलवता येणं हा इथे कायद्याचाही गुण आहे. संध्याकाळी मांडून रात्री उचललेलं मेज म्हणजे कार्यक्रम, तेच सकाळपर्यंत राहिलं तर अतिक्रमण. मंडपासाठी रस्त्यात खड्डे खणले की दंड होतो, म्हणून आता बरेच मंडपवाले वाळू भरलेल्या पिंपांत बांबू रोवतात. पुस्तकातला आडोसाही याच तत्त्वावर उभा आहे. कॅनव्हासची चौकट, पायाशी पाण्याचे कॅन. पाणी जागेवर भरायचं, निघताना झाडांना घालायचं. रिकामा कॅन हलका, भरलेला जड. इतकी सरळ युक्ती पाहून बरं वाटलं.

आता मतभेदाकडे येतो. लेखकांना चाकं फार प्रिय आहेत. जवळजवळ प्रत्येक आराखड्यात खाली चार चाकं आणि त्यांना ब्रेक. कागदावर चाक म्हणजे हालचाल. प्रत्यक्षात दोन-तीन इंची चाक शोरूमच्या फरशीवर चालतं आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतं. गटाराची जाळी, गतिरोधक, डांबराचे उंचवटे, सोसायटीच्या दारातला उंबरठा, एवढ्या वाटेत ते चारदा उचलावं लागतं, आणि चाकांमुळे ते उचलायला अधिक अवघड झालेलं असतं. हातगाडीची चाकं मोठी असतात ती उगाच नाही. चाक लावायचंच तर दोनच लावावीत, सायकलच्या चाकाएवढी, एका टोकाला. दुसऱ्या टोकाला दांडा. म्हणजे वस्तू गाडी होते, ओढता येते आणि टेकवली की स्थिर उभी राहते. बाकी सगळ्यासाठी धरायला खाच हवी. माझ्या मते प्रत्येक वस्तूच्या चित्रात आधी हात दाखवावा: कुठे धरायचं, किती जणांनी धरायचं, जिन्याच्या वळणावर काय करायचं.

त्यासाठी वजन लिहावं लागतं आणि वजन लिहायचा आपल्या सुतारकामात प्रघात नाही. ८ बाय ४ फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय पस्तीस किलोच्या आसपास भरतो. त्यातून ६ बाय २ फुटांची फळी कापली तर तेरा किलो, तीच १२ मिलिमीटरची घेतली तर नऊ किलोच्या आत. पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप, नेहमीच्या जाडीचा, मीटरला एक किलोहून थोडा जास्त भरतो. मेजाच्या सांगाड्याला दहा मीटर लागला तर फळी ठेवायच्या आधीच बारा किलो झाले. दोन बायका गप्पा मारत उचलतील असं मेज हवं असेल तर फळी आणि पाय वेगळे हवेत. फळी एकीकडे, दोन घडीचे घोडे दुसरीकडे. लग्नातले आचारी अशीच फळी टाकून काम करतात आणि त्यांना ते कुणी शिकवलेलं नाही. मिखाएल टोनेटची १८५९ सालची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची जगभर गेली त्यातही हेच होतं. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुटी केली तर छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात. त्या जातीच्या खुर्च्या मुंबईच्या इराण्यांकडे आजही दिसतात, कितीही डगमगल्या तरी पुन्हा आवळलेल्या.

साहित्याच्या निवडीत पाऊस विसरून चालत नाही. आपला सगळ्यात मोठा सार्वजनिक उत्सव भर पावसात किंवा पावसाच्या शेपटीला येतो आणि त्याआधीचे दोन-तीन महिने सामान ओलसर खोलीत पडून असतं. भुशाचे दाबून केलेले स्वस्त बोर्ड एका पावसाळ्यात फुगतात. प्लायच्या कडा उघड्या ठेवल्या तर पाणी तिथूनच शिरतं. लोखंडी पाय जमिनीला टेकतात तिथे गंजतात, म्हणून खाली रबरी बूच हवं आणि ते हरवणार हे धरून बाजारात कुठेही मिळणाऱ्या मापाचं हवं. वाळवीला जमीन लागते, म्हणून सामान विटांवर. या बाबतीत पुस्तक काटेकोर आहे, त्यावर अधिक बोलत नाही.

उंचीबद्दल मात्र बोलायला हवं. साडेचारशे मिलिमीटर ही बसण्याची उंची छापील तक्त्यांतून आली आहे आणि सुतार ती डोळे मिटून धरतात. आपल्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या बायकांचे पाय तिथून जमिनीला नीट टेकत नाहीत. देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय शरीरांच्या मापांचा संग्रह केला, तो राष्ट्रीय डिझाईन संस्थेने १९९७ साली प्रकाशित केला. पुस्तकाने त्याचा आधार घेतला आहे आणि बाक दोन उंचींचे सुचवले आहेत. एक उपाय त्याहून सोपा वाटतो. बाक असा करावा की उलटा ठेवला तर दुसरी उंची मिळेल. एका बाजूने आजीला, दुसऱ्या बाजूने नातवाला मेज म्हणून. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी मेजाखाली आडवी पट्टी नसावी, गुडघे आत गेले पाहिजेत. सांगाडा मजबूत करायला वेल्डर हमखास तिथेच पट्टी मारतो, म्हणून ती मारू नये असं आराखड्यावर ठळक लिहायला हवं.

आणि किल्ली. मला वाटतं या पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं पान किल्लीचं आहे. मंडळाच्या खोलीची किल्ली कार्यकर्त्यांकडे असते, कार्यकर्ते दिवसा कामावर असतात. दुपारी तीन वाजता हळदीकुंकवाची तयारी करायची असेल, पाळणाघरातल्या मुलांना बाहेर बसवायचं असेल, तर फोन करा, वाट बघा, ‘संध्याकाळी देतो’ ऐका. मग बायका पुन्हा घरातलं टेबल खाली आणतात आणि सामायिक सामान फक्त रात्री आठनंतर मंडप घालणाऱ्यांचं राहतं. त्यावर लेखकांचा उपाय असा की किल्ल्या तीन असाव्यात आणि त्यांतली एक दिवसभर उघड्या राहणाऱ्या ठिकाणी असावी. किराणा दुकान, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला. वही त्याच ठिकाणी. इस्त्रीवाल्याला या कामाचे पैसे द्यावेत, असं मी त्यात घालतो. फुकट काम सांगायला आपल्याला हाच माणूस बरा सापडतो.

नोंदणीकृत मंडळाला आणि सोसायटीला सामानाची यादी ठेवावीच लागते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये टेबल नग चार, खुर्च्या नग साठ अशी ओळ असते आणि ऑडिटच्या आधी कुणीतरी खोलीत डोकावून टिकमार्क करतो. त्याच वहीत दोन रकाने वाढवावेत ही सूचना मला आवडली: शेवटचं कुणी नेलं, आणि काय मोडलं. मोडलेल्या वस्तूची नोंद करणाऱ्याला दंड नाही, न सांगणाऱ्याला आहे. गावकीच्या भांड्यांत वाटी हरवली तर किंमत भरायची, तो नियम इथे उलटा केला आहे. वाटी हरवते ती निष्काळजीपणाने. मेजाचा पाय मात्र वापराने मोडणारच. ज्या वस्तीत मेजाचा पाय तीन वर्षं मोडला नाही तिथे ते मेज कुणी बाहेर काढलंच नसावं.

वाचकाला एक विनंती आहे. पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नये. साठवणीचं प्रकरण शेवटी आहे, ते आधी वाचावं, आणि मग मोजपट्टी घेऊन आपल्या इमारतीत फिरावं. जिन्याखाली जागा दिसते पण तिथे मीटरची पेटी असते, तिच्यासमोर काही रचायचं नसतं. येण्याजाण्याची वाट आणि जिना मोकळा ठेवावा लागतो, आग लागली तर तीच वाट असते. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली जागा असते, पण तिथून सामान खाली आणणार कोण. पंपाच्या खोलीत ओल असते. देवळामागे, व्यायामशाळेच्या पोटमाळ्यावर, बंद पडलेल्या रेशन दुकानात कधी कधी चांगली कोरडी सहा बाय चार फूट जागा निघते. तिची लांबी, रुंदी, उंची आणि दाराचं माप कागदावर लिहावं. त्या मापात जे उभं रचून मावेल तेच या पुस्तकातून निवडावं, बाकीचे आराखडे कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावेत. आणि जागा नाहीच मिळाली तर सुताराकडे जाऊ नये. कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याला फोन करावा. त्याच्याकडे गोडाऊन आहे, टेंपो आहे, आणि पन्नास खुर्च्या दिल्या तर पन्नास मोजून परत नेणारा माणूस आहे.